वजनाचा भाव आणि नगाचा भाव : खेळाडूंच्या जुन्या कार्डांच्या व्यापाराविषयी

खेळाडूंची चित्रे छापलेली जुनी कार्डे स्वस्तात विकत घ्यायची, काही काळ सांभाळायची आणि अधिक भावाने विकायची, हा अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये नोकरी सांभाळून करण्याचा एक रूढ जोडधंदा आहे. आपल्याकडे तो त्या स्वरूपात रुजलेला नाही. जुनी नाणी, टपाल तिकिटे, चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका, रविवर्मा छापखान्याची देवादिकांची चित्रे आणि जुनी मराठी पुस्तके यांचा व्यापार मात्र मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. या दोन्ही व्यापारांचा गाभा एकच आहे. ज्या कागदाला कोणी कागदाहून अधिक काही मानत नव्हते, त्याला अचानक किंमत येते. ही किंमत येते कोठून, आणि ती आल्याने इतिहासाचे भले होते की नुकसान, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने या बाजाराकडे का पाहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल अशी आमची अपेक्षा आहे.

आरंभी शब्दांचा विचार करू. मराठीत 'छंद' म्हणजे आवड आणि 'छंद' म्हणजे काव्याचे वृत्तही. या शब्दाला एक प्रतिष्ठा आहे. 'जोडधंदा' हा शब्द शेतीच्या अंगाने आला. कोंबड्या, दुभती जनावरे यांच्याशी तो बांधलेला आहे आणि त्यात कष्टाचा मान आहे. 'वरकमाई' म्हटले की मात्र ऐकणाऱ्याच्या मनात शंका येते. जुन्या वस्तू जमवणाऱ्याला आपण 'संग्राहक' म्हणतो, आणि त्याच वस्तू विकणाऱ्याला 'जुन्या बाजारवाला'. पहिल्याचा सत्कार होतो, दुसऱ्याशी घासाघीस होते. भातसानगरसारख्या धरणाच्या नोकरवर्गासाठी वसलेल्या वसाहतीत हा भेद अधिकच ठळकपणे जाणवतो. सरकारी सेवकाने खासगी व्यापार करण्यावर वर्तणूक नियमांचे निर्बंध आहेतच. त्यांच्याही पलीकडे, 'पगारदार माणसाने विकायला बसू नये' हा एक अलिखित नियम आपल्या मध्यमवर्गाने स्वतःवर लादून घेतलेला आहे. इतिहास पाहू गेल्यास हा भेद फारसा टिकत नाही.

खेळाडूंच्या कार्डांचा जन्म तंबाखूच्या पाकिटात झाला. मऊ कागदी पाकिटातील सिगारेटी चुरगळू नयेत म्हणून त्यात एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कोऱ्या तुकड्यावर चित्र छापावे, चित्रांची मालिका करावी आणि मालिका पुरी करण्याच्या ओढीने गिऱ्हाईकाने पुन्हा तीच सिगारेट घ्यावी, अशी युक्ती कंपन्यांना सुचली. ब्रिस्टलच्या विल्स कंपनीने १८९६ साली ५० क्रिकेटपटूंची मालिका काढली. अमेरिकेत बेसबॉलपटूंची कार्डे त्याआधीपासूनच निघत होती. विकत घेतली जाई ती सिगारेट. कार्ड फुकट येई. बाप सिगारेट ओढे आणि मुलगा कार्ड जमवी. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धातील कागदटंचाईमुळे १९४० साली ही प्रथा थांबली. पुढे अमेरिकेत तंबाखूची जागा च्युइंगगमने घेतली आणि टॉप्स या कंपनीची कार्डे घरोघर पोहोचली.

फुकट मिळालेली वस्तू कोणी जपत नाही. मुले कार्डांवर डाव लावत, सायकलच्या चाकात ती अडकवत. घर बदलताना आई ती केरात टाकी. पुढे ज्या किमती आल्या त्या या फेकून देण्यातूनच आल्या. याची दोन उदाहरणे सर्वपरिचित आहेत. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात काढलेल्या मालिकेतील होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे कार्ड अल्पावधीत मागे घेण्यात आले. आपली प्रतिमा तंबाखू खपवण्यासाठी वापरली जावी हे त्याला मान्य नव्हते असे काही सांगतात. त्याला मोबदला हवा होता असे इतर म्हणतात. कारण कोणतेही असो, त्या कार्डाच्या फार थोड्या प्रती उरल्या आणि आज त्यांचे मोल लाखो डॉलरांत होते. दुसरे उदाहरण १९५२च्या टॉप्स मालिकेतील मिकी मॅंटलच्या कार्डाचे. त्या मालिकेचा उत्तरार्ध हंगामाच्या शेवटी बाजारात आला आणि खपला नाही. गोदामात पडलेली ही खोकी १९६० साली कंपनीच्या साय बर्गर या अधिकाऱ्याने पडावावर लादून समुद्रात बुडवली. त्याच कार्डाची एक उत्तम प्रत ऑगस्ट २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १०० कोटी रुपयांना विकली गेली. ती खोकी बुडाली नसती तर हा आकडा दिसला नसता.

परंतु दुर्मिळता म्हणजे किंमत नव्हे. आमच्या शहापूर-मुरबाडच्या कित्येक घरांत जगात एकच प्रत असलेले कागद आहेत आणि त्यांना कोणी चार आणेही देणार नाही. दुर्मिळ वस्तूला किंमत येण्यासाठी आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे सूची. काय काय छापले गेले, कोणत्या मालिकेत किती कार्डे होती, आपल्यापाशी त्यातले काय आहे आणि काय नाही, हे सांगणारी यादी. अमेरिकेत ती जेफरसन बर्डिक या माणसाने केली. सिराक्यूज शहरात विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात काम करणारा, संधिवाताने हातपाय आखडलेला हा एकटा गृहस्थ. त्याने १९३९ साली अमेरिकेतील छापील कार्डांची सूची प्रसिद्ध केली. वॅग्नरचे कार्ड ज्या मालिकेतले, तिला आजही जग 'टी २०६' म्हणते. ही खूण बर्डिकच्या सूचीतली. आपली तीन लाखांहून अधिक कार्डे व छापील चित्रे त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाला दिली. तेथे जाऊन वर्षानुवर्षे ती स्वतःच्या हाताने पुस्तकांत चिकटवत राहिला. हे काम जानेवारी १९६३मध्ये संपले आणि दोन महिन्यांनी तो वारला. कार्डांच्या किमती वाढाव्यात अशी त्याची इच्छा नव्हती. वाढत्या भावाने सामान्य संग्राहक हद्दपार होईल अशी त्याला भीती होती. तरी त्याच्या सूचीशिवाय हा बाजार उभा राहू शकला नसता. खरेदीदाराला काय हवे आहे हे सूचीने ठरवले, आणि विक्रेत्याला काय वाचवायचे हेही तिनेच सांगितले.

मराठी वाचकाला येथे शंकर गणेश दाते यांची आठवण यावी. त्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा १८०० ते १९३७ या काळाचा पहिला खंड १९४४ साली आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा खंड १९६१ साली निघाला. आपण ही सूची संशोधनाचे साधन म्हणून वापरतो. जुन्या पुस्तकांच्या जाणत्या विक्रेत्यालाही तिचा तेवढाच उपयोग होतो. समोर आलेल्या गठ्ठ्यातले कोणते पुस्तक बाजूला काढायचे, कोणाची ही पहिली आवृत्ती, हे सूची जाणणाऱ्यालाच कळते. ज्ञान आणि भाव यांचा संबंध इतका निकटचा आहे.

हा व्यापार प्रत्यक्षात कसा चालतो हेही समजून घेतले पाहिजे. रद्दीवाला कागद वजनाने घेतो. जुन्या वस्तूंचा विक्रेता तोच कागद नगाने विकतो. वजनाच्या भावातून वस्तू उचलून नगाच्या भावात नेणे, एवढाच या धंद्याचा सारा नफा आहे, आणि तो ओळखण्याच्या शक्तीवर मिळतो. तालुक्याच्या गावातली रद्दी मोठ्या व्यापाऱ्याकडे जाते आणि तेथून कागद गिरणीत लगदा व्हायला. या वाटेवर कोठेतरी एखादा जाणता डोळा असला तर एखादे पान वाचते. नसला तर वाचत नाही. या धंद्याविषयी आमच्या मनात जो आदर आहे, तो या कारणाने.

एकदा वस्तू नगाच्या भावात आली की तिची 'अवस्था' पाहिली जाते. कोपरे दुमडले आहेत का, छपाई मध्यभागी आहे का, पृष्ठभागावर ओरखडे आहेत का. अमेरिकेत १९९१पासून हे काम पैसे घेऊन करणारी संस्था आहे. ती कार्डाला १ ते १० असे गुण देऊन ते प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करते. पाठचिकित्सा करणारा संपादक हस्तलिखिताचे जे करतो, त्याच्याशी याचे वरवरचे साम्य आहे. फरक असा की संपादकाला वाचकाच्या हाताच्या खुणा, समासातल्या नोंदी, तेलाचे डाग हवे असतात. बाजाराला न हाताळलेली प्रत हवी असते. ज्या मुलाने कार्डावर खरे प्रेम केले, त्याचे कार्ड बाजारात कवडीमोल ठरते.

गुणांच्या या हव्यासातून फसवणूकही आली. वॅग्नरच्या कार्डाची सर्वांत प्रसिद्ध प्रत, जी १९९१ साली ४ लाख ५१ हजार डॉलरला आणि २००७ साली २८ लाख डॉलरला विकली गेली, तिच्या कडा कापून नीट केलेल्या होत्या, हे ती विकणाऱ्या बिल मास्ट्रो या व्यापाऱ्याने २०१३ साली न्यायालयात कबूल केले. आपल्याकडे रविवर्मा छापखान्याच्या चित्रांच्या नव्या छपाया जुन्या म्हणून खपवल्या जातात. जोडधंदा म्हणून या क्षेत्रात उतरणाऱ्याने आणखी एक धडा लक्षात ठेवावा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जुन्या कार्डांचे भाव चढलेले पाहून अमेरिकेतील लोकांनी नवी कार्डे खोक्यांनी साठवली, आणि कंपन्यांनीही मागणीप्रमाणे अमाप छापली. सर्वांनीच जपल्यामुळे कोणाच्याही कार्डाला किंमत उरली नाही. दुर्मिळता छापून विकता येत नाही.

आता महाराष्ट्राकडे वळू. आपल्याकडे १९९०च्या दशकात 'बिग फन' या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची छोटी चित्रे मिळत. त्यांवर धावा आणि बळी लिहिलेले असत आणि मुले त्यांची बेरीज करत. त्याआधी काड्यापेट्यांची चित्रे होती. संदीप पाटील ज्याचे संपादक होते त्या 'एकच षटकार'सारख्या नियतकालिकांतली चित्रे कापून भिंतीवर लावली जात. भिंतीवर गेलेले चित्र परत येत नाही आणि चित्र कापलेला अंक अर्धवट राहतो. म्हणजे फेकून देण्याचे काम आपल्याकडेही रीतसर झाले. सूचीचे झाले नाही. कोणत्या साली कोणती चित्रे निघाली, मालिका किती चित्रांची होती, याची बर्डिकसारखी नोंद नसल्याने आपल्या या कागदांना आठवणींचा गहिवर मिळतो, भाव मिळत नाही. पुण्यात २०१२ साली सुरू झालेल्या 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' या क्रिकेट संग्रहालयात विख्यात खेळाडूंच्या बॅटी पाहायला मिळतात. परंतु जो विख्यात नाही त्याचे काय, हा प्रश्न राहतोच.

या प्रश्नाचे गांभीर्य कळण्यासाठी दोन खेळाडू शेजारी ठेवून पाहावेत. रणजितसिंहजी ससेक्स कौंटीकडून आणि इंग्लंडकडून खेळले. त्यांचा चेहरा इंग्लिश सिगारेट कार्डांवर आला आणि सूचीत गेला, म्हणून आजही त्याची खरेदी-विक्री होते. पालवणकर बाळू हे चांभार समाजातले डावखुरे फिरकी गोलंदाज पुण्याच्या इंग्रज क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची निगा राखत. सरावाच्या जाळ्यात जे. जी. ग्रेग हा फलंदाज त्यांच्याकडून चेंडू टाकून घेई, आणि आपल्याला बाद केल्यास दर बळीमागे आठ आणे देई, अशी कथा सांगतात. पुढे हिंदूंच्या संघात घेतल्यावरही त्यांना चहा पॅव्हेलियनबाहेर, वापरून फेकण्याच्या मातीच्या भांड्यात दिला जाई. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात या गोलंदाजाने शंभराहून अधिक बळी घेतले. कार्ड कंपन्यांची निवड कौंटी आणि कसोटी या चौकटीतून होई. बाळू त्या चौकटीबाहेरचे. ज्याच्या बळीचा भाव आठ आणे ठरला होता, त्याच्या चेहऱ्याला कार्डांच्या बाजारात भाव ठरला नाही.

मग पालवणकर घराण्याचा इतिहास आपल्यापर्यंत कसा आला? वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींतून, आणि एका मराठी पुस्तकातून. बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल, जे १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधार झाले, त्यांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मवृत्त १९४८ साली प्रसिद्ध झाले. रामचंद्र गुहा यांनी २००२ साली प्रकाशित झालेल्या आपल्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' या इंग्रजी ग्रंथात या पुस्तकाचा आधार घेऊन पालवणकर बंधूंची कथा सांगितली, आणि मराठीतले एक विस्मृत आत्मवृत्त जगातील वाचकांपर्यंत पोहोचले. त्या पुस्तकाच्या उरलेल्या सगळ्या प्रती रद्दीत गेल्या असत्या तर काय झाले असते, याची कल्पना करावी. चित्राच्या अभावी शब्दाने ही साक्ष राखली. आणि शब्दही कागदावरच असतो, त्याचेही वजन करता येते.

दि. ब. देवधरांचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. हे संस्कृतचे प्राध्यापक. १९२६ साली त्यांनी मुंबईत एमसीसीविरुद्ध १४८ धावा केल्या. महाराष्ट्राला १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक मिळवून दिला. आणि अधिकृत कसोटी मात्र ते एकही खेळले नाहीत. त्यांचा चेहरा १९९६ साली टपाल तिकिटावर आला, सी. के. नायडू, विनू मंकड आणि विजय मर्चंट यांच्यासह. टपाल खाते प्रत्येक तिकिटाची नोंद ठेवते. म्हणून देवधर आता संग्राहकांच्या सूचीत आहेत. सूचीत असणे याचा अर्थ येथे नेमका कळतो.

संग्राहक आणि विक्रेता यांच्यातील भेदाचा उल्लेख वर केला, त्याकडे परत येऊ. दिनकर केळकर यांना साहित्याचा विद्यार्थी 'अज्ञातवासी' या नावाने कवी म्हणून ओळखतो. त्यांनी १९२०च्या सुमारास दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये जमवायला आरंभ केला आणि बालपणी गेलेल्या मुलाच्या नावाने पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे केले. त्यांचा आपण रास्त अभिमान बाळगतो. पण मोडीत जाणारा अडकित्ता बाजूला काढून 'हा कोणाला तरी हवा असेल' असे म्हणणारा जुन्या बाजारातला विक्रेता नसता, तर कितीतरी वस्तू भट्टीत वितळल्या असत्या. संग्रहालयाच्या पाटीवर दात्याचे नाव असते, विक्रेत्याचे नसते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या घराण्यांची दप्तरे धुंडाळून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांची लढाईही वाळवीइतकीच रद्दीच्या तराजूशी होती.

अर्थात विक्रेत्याला निर्दोष ठरवण्याचा आमचा हेतू नाही. मुरबाड तालुक्यातील म्हशाची यात्रा जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडच्या अशा बाजारांत रुमालाखाली बोटे धरून भाव करण्याची जुनी रीत आहे. तिऱ्हाइताला आकडा कळत नाही. पण घेणारा आणि देणारा दोघेही बैल ओळखतात. जुन्या कागदाच्या व्यवहारात तसे नसते. घेणाऱ्याला ठाऊक असते आणि देणाऱ्याला नसते. एखाद्या वृद्ध खेळाडूच्या घरून प्रमाणपत्रे, पदके आणि छायाचित्रे किलोच्या भावाने उचलणारा कायद्याने दोषी ठरेलच असे नाही, तरी त्या नफ्यात दुसऱ्याच्या अज्ञानाचा वाटा असतो. कायदा वस्तूच्या वयाकडे पाहतो: १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुन्या कलावस्तू व ऐतिहासिक वस्तूंचा आणि ७५ वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. परंतु चाळीस वर्षांपूर्वीच्या कबड्डी सामन्याचे हस्तपत्रक या कायद्याच्या कक्षेत येत नाही. ते संरक्षणाच्या दृष्टीने फार तरुण आणि बाजाराच्या दृष्टीने फार अनोळखी आहे.

आणि आमच्या परिसराचा क्रीडा-इतिहास नेमका अशाच कागदांवर आहे. गावोगावच्या क्रीडा मंडळांच्या कबड्डी स्पर्धा, टेनिस बॉलवरचे क्रिकेट सामने, त्यांची हस्तपत्रके, गुणपत्रके, वर्गणीच्या पावत्या, हौशी छायाचित्रकाराने काढलेली संघांची छायाचित्रे, गणेशोत्सवाच्या स्मरणिकांत छापून आलेली विजेत्यांची नावे. धरणाच्या वसाहतीत बदली झाली की घर रिकामे होते, आणि रिकाम्या घराचा कागद प्रथम जातो. या कागदाला नगाचा भाव येण्याची शक्यता नाही, कारण त्याचा खरेदीदार नाही. म्हणजे बाजार त्याला वाचवणार नाही. बाजार वाचवतो ते सूचीतले, आणि हे सूचीत नाही.

येथे साहित्याच्या अध्यापकांचे काम सुरू होते असे आम्हांस वाटते. सूची करणे हे आपले पारंपरिक काम आहे. त्याला पैसा फारसा लागत नाही, चिकाटी लागते. पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील एका मंडळाच्या कागदांची यादी केली, वर्ष, स्पर्धा, छापखाना, नावे आणि कागद कोणाच्या घरी आहे एवढे जरी टिपले, तरी दोन तालुक्यांची एक प्राथमिक सूची काही वर्षांत हाती येईल. कागद घरातून हलवण्याची गरज नाही. तो ज्याचा आहे त्याच्याकडेच राहावा. उद्या या सूचीमुळे त्या कागदांना भाव आला आणि कोणी ते विकायला काढले, तर त्याचे आम्हांस वाईट वाटणार नाही. तेव्हा विकणाऱ्याला आपल्या हातात काय आहे हे निदान ठाऊक असेल.